साडी घरात नेसली तर वर्दीचं काय बिघडलं?

रात्रपाळी
काल केळीपट्टा यांनी इथे या फोरमवर लिहिलं, की पोलीस, फायर ब्रिगेड, अँब्युलन्स अशा नोकऱ्यांतले काही पुरुष ताण उतरवायला घरी बायकी कपडे घालतात असं त्यांच्या वाचनात आलं. अशा "बायल्यांना" ताबडतोब घरी बसवा, आग लागल्यावर हे काय कामाचे, असा त्यांचा सूर. खाली सगळे खदाखदा हसले. रात्री ड्युटीवर ते वाचलं आणि डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी धुळे जिल्ह्यात अपघात विभागात सिस्टर आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर, दोन्ही हायवे आमच्याच जिल्ह्यातून जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरपूरजवळ वाघाडीला केमिकलचा कारखाना उडाला. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला कंटेनर हॉटेलात घुसला. तुम्ही फोटो पाहिले, हळहळलात, विषय संपला. ज्यांनी तिथून माणसं उचलली ते घरी जाऊन जेवले कसे असतील, हे कुणी विचारलं का?

माझ्या ओळखीत असा एक माणूस आहे. खातं सांगणार नाही. चेपलेल्या केबिनमध्ये पहिला हात घालणारा तोच असतो. एखाद्या वाईट रात्रीनंतर तो आंघोळ करतो, बायकोची जुनी सुती साडी नेसतो, दार लावून तास-दोन तास बसतो आणि झोपतो. बायकोला माहीत आहे. तो मला म्हणाला, "सिस्टर, साडीतल्या माणसाला कुणी गाडी काढ म्हणत नाही." त्याच्याबरोबर लागलेले बाकीचे काय करतात? क्वार्टर मारतात. त्यातले काही मी पिवळे डोळे आणि फुगलेलं पोट घेऊन आलेले पाहिलेत. त्यांना कुणी बायल्या म्हणत नाही आणि नोकरीवरून काढाही म्हणत नाही. दारूला मर्दानी विरंगुळा मानायचं आणि साडीला कलंक, हे मला मान्य नाही.

केळीपट्टा
ताई, भावनेवर नेऊ नका. दारू वाईट हे कोण नाकारतंय? पण एक वाईट आहे म्हणून दुसरं चांगलं ठरतं का? माझा पुतण्या भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे सोळाशे मीटर पळतो, गोळा फेकतो. त्याने कुणाकडे बघून पळायचं? आमच्या रावेरकडे वादळात केळी आडवी झाली की माणूस बांधावर उभा राहून रडतो. लाखाचं पीक गेलेलं असतं. तो घरी जाऊन साडी नेसतो का? ताण सगळ्यांना आहे.

वर्दीवाला आप्पा
उभी हयात पोलिसात गेली. दंगल, गणपती, निवडणूक, बेवारस प्रेतं, सगळं केलं. सरकारी नोकरांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, कर्मचाऱ्याला अशोभनीय वागणूक चालत नाही. वर्दी अंगावरून उतरते, माणसावरून नाही. आम्ही ताण काढायचो तालमीत आणि भजनात. आजची पोरं दोन रात्री जागली की ताण ताण करतात.

रात्रपाळी
आप्पा, तुमचा मान ठेवून विचारते. तुमच्या बॅचचे किती जण भजनात जायचे आणि किती गुत्त्यावर? आणि त्या नियमांत दाराआड घातलेल्या कपड्यांबद्दल काय लिहिलंय? २०१७ ला सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो वर्दीवाल्यांनाही आहे.

तापीकाठ
मी रुग्णवाहिका चालवतो. साडी, लुंगी, कुणी काय घालायचं ते घालो भो. बारा बारा तास स्टिअरिंगवर, बदली माणूस आला नाही की पुढची पाळीही आपलीच. ठेकेदाराकडे पगाराचं विचारलं की पुढच्या आठवड्यात. अपघातानंतर गाडी धुवायची कुणी? आम्हीच. रक्त धुतल्यावर अर्धा तास बसू द्या म्हटलं तर पुढचा कॉल वाजतो. यावर एक तरी धागा काढा. कपड्यांवर चर्चा करायला सगळ्यांना वेळ आहे.

वहीचा नातू
मला केळीपट्टांच्या एका शब्दाची चीड आली. बायल्या. माझा आजोबा आमच्या गावच्या वही मंडळात, म्हणजे वहीगायन या आपल्या लोककलेच्या मंडळात, बाईचं काम करायचा. दिवसा विहिरीचं खोदकाम, रात्री पायात चाळ आणि अंगावर लुगडं. अख्ख्या पंचक्रोशीत त्याच्याशी कुस्ती धरायला कुणी धजत नसे. खान्देशात बाप्या माणसाने लुगडं नेसणं आजचं नाही. तुमच्याच गावात तमाशाच्या राहुटीपुढे रात्र रात्र बसून टाळ्या कुणी वाजवल्या?

केळीपट्टा
ती कला आहे. रंग लावला, काम केलं, रंग पुसला. घरात चोरून नेसणं वेगळं.

वहीचा नातू
म्हणजे हजार लोकांसमोर नेसली तर चालेल आणि एकट्याने नेसली तर नाही? बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल महाराष्ट्रातल्या बायका करायच्या. सरकारने १९६४ ला पद्मभूषण दिलं.

वर्दीवाला आप्पा
बालगंधर्वांना यात ओढू नका. तो गळा होता, ती साधना होती. अशी माणसं शतकात एखादी.

वहीचा नातू
आप्पा, कलेला मान मिळाला हेही अर्धंच खरं आहे. गणपत पाटील घ्या. पडद्यावर नाच्या उभा केला, बायको-मुलांचा संसारी माणूस, तरी लोकांनी त्यांना आयुष्यभर त्याच नजरेने पाहिलं आणि झळ घरच्यांनाही बसली. आमच्याकडेही तेच. आत्याच्या लग्नाची बोलणी दोनदा मोडली, कारण "बाप लुगडं नेसतो". रात्री ज्यांनी शिट्ट्या मारल्या त्यांनीच सकाळी सोयरीक नाकारली. आजोबाने चाळ काढून ठेवले ते कायमचे. मंडळ मोडलं. आता दरवर्षी कुणीतरी भाषण देतं, वहीगायन जपलं पाहिजे. कुणी जपायचं? ज्यांना तुम्ही हसलात त्यांनी?

केळीपट्टा
विषय कुठे नेला! आमच्या गावातही वही होती, देवीच्या कार्याला. तिथे कुणी हसत नसे. तुमच्या गावचं आमच्यावर लादू नका.

वहीचा नातू
कुठलं गाव सांगा, मी येऊन विचारतो तिथल्या जुन्या माणसांना. आणि हा तिरस्कार मुळात आपला आहे का, तेही बघा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात इंग्रजांनी एक वेगळा भागच घातला होता. त्यांनी ज्यांची नावं "हिजडे" म्हणून सरकारी नोंदवहीत चढवली, तो माणूस बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला तर वॉरंटशिवाय अटक. इंग्रज गेले, ती नजर तुम्ही ठेवून घेतलीत.

वर्दीवाला आप्पा
म्हणजे आता आम्ही इंग्रजांचे गुलाम? वयाचा मान ठेवा जरा. माझ्या बापाने बेचाळीसच्या चळवळीत लाठ्या खाल्ल्यात.

एरंडोलचा डॉक्टर
जरा थांबा सगळे. केळीपट्टा आजार समजून बोलत आहेत आणि रात्रपाळी औषध समजून. दोन्ही टोकाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत पुरुषाने बायकी कपडे घालण्याचं निदान होतं, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीतही त्या माणसाला त्याचा त्रास होत असेल किंवा कामात, संसारात अडथळा येत असेल तरच विकार म्हणतात. आणि हे सगळे समलिंगी असतात हाही गैरसमज. १९९७ ला अमेरिकेत अशा १,०३२ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले ८७ टक्के स्वतःला स्त्रियांकडेच ओढ असलेले सांगत होते आणि ८३ टक्क्यांचं कधी ना कधी लग्न झालेलं होतं.

पण ताई, नोकरीच्या ताणामुळे हे सुरू होतं असं धरून चालू नका. हे बहुतेकांत लहानपणापासून असतं. अमेरिकन हवाई दलात जॉर्ज ब्राऊन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. १९८८ मध्ये त्यांनी लिहिलं, की त्यांच्याकडे आलेले काही जण मुळात सैन्यात शिरलेच होते आतलं बाईपण दाबायला. ती माणसं स्वतःला स्त्रीच मानणारी होती, म्हणजे तुमच्या ओळखीच्या माणसाहून वेगळी, पण धागा विचार करण्यासारखा आहे. कठीण, मर्दानी नोकरी निवडायची म्हणजे मन ताळ्यावर येईल, असा हिशेब. तो चुकतो.

रात्रपाळी
डॉक्टर, सुरुवात कुठून झाली याने माझ्या म्हणण्यात फरक पडत नाही. तो माणूस ते करून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी हात न थरथरता काम करतो. मला एवढंच दिसतं आणि एवढं पुरतं.

शहाद्याची सून
मी दोन दिवस वाचतेय. सगळे पुरुषाचंच बोलताय, आणि ताई, तुम्ही बाई असूनही. आता माझं ऐका.

माझा नवरा अशाच एका खात्यात आहे. मला पेटीत ब्लाउज सापडला. माझ्या मापाचा नाही. बाहेर बाई ठेवली असं समजले मी. तोंडाने विचारायची हिंमत नाही, म्हणून फोन तपासले, ड्युटीच्या वेळा ताडून बघितल्या, जेवण सुटलं. शेवटी माहेरून वडील आले, जेठ बसले, चारचौघांत विषय निघाला, तेव्हा तो मला आत घेऊन गेला आणि म्हणाला, माझाच आहे. बाहेर सगळे ताटकळत बसलेले. बाहेर येऊन मी सांगितलं, माझ्या बहिणीचा निघाला. माझी बहीण तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी, कारण तिचं नाव विनाकारण आलं. त्याचा ताण उतरला असेल, पण तो कुणाच्या डोक्यावर उतरला?

आणखी एक. साडी नेसली की त्याला कुणी हाक मारत नाही म्हणता. मी रोज साडी नेसते. सासू हाक मारते, पोरं हाक मारतात, गाय हंबरते, उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत पाण्याच्या टँकरमागे मी पळते, साडीतच. साडीत विसावा त्यालाच मिळतो ज्याला साडीबरोबर येणारं काम करायचं नसतं.

केळीपट्टा
बघा! मी काय म्हणत होतो?

शहाद्याची सून
भाऊ, तुम्ही माझ्या बाजूने बोलू नका. नोकरी गेली तर पोरांची फी तुम्ही भरणार? जून महिना तुमच्या पुतण्यालाही येतो आणि माझ्या पोरांनाही. आणि आग लागल्यावर काय कामाचे म्हणता, तर माझ्या नवऱ्याने माणसं वाचवलेली आहेत, जळत्या गोठ्यातून बैल काढलेत. त्याच्या कामाला नाव ठेवायचं नाही. माझं भांडण त्याच्याशी लपवण्यावरून आहे. ते माझं मी भांडेन.

रात्रपाळी
वहिनी, साडीबरोबर येणाऱ्या कामाचं जे म्हणालात त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते खरंच आहे. पण लपवलं का, याचं उत्तर याच धाग्यात वर आहे. ज्या गावात शब्द फुटला तर सोयरिकी मोडतात, तिथे तो लग्नाच्या आधी कुणाला सांगणार होता?

शहाद्याची सून
मला. गावाला नाही, मला. लग्नाला इतकी वर्षं झाली, एक रात्र सापडली नाही त्याला? ज्या माणसाला तुम्ही ओळखता त्याच्या बायकोला माहीत आहे, म्हणून तुमची गोष्ट गोड आहे. लपवणाऱ्यांच्या घरी येऊन बघा.

रात्रपाळी
ठीक. बायकोला अंधारात ठेवून नाही, एवढं मी माझ्या म्हणण्यात घालते. नोकरीवरून काढण्याच्या मागणीला माझा विरोध तसाच आहे.

वर्दीवाला आप्पा
या सुनेचं वाचून एक सांगतो, ओढूनताणून सांगतोय असं समजा हवं तर. आमच्या ठाण्यात एक जण होता. त्याच्या ट्रंकेत असंच काहीतरी निघालं. आम्ही ते काठीवर अडकवून बरॅकभर फिरवलं. त्याने बदली मागून घेतली. कामाला एक नंबर माणूस होता, पंचनामा असा लिहायचा की वकील चूक काढू शकत नसे. नियमात दाराआडचं काही नाही, हे मानतो. बरॅकमध्ये, गणवेशाच्या ट्रंकेत हे नको, यावर मी ठाम आहे.

तापीकाठ
ट्रंक नको, घरी बायको दुखावते, बाहेर लोक हसतात. मग जायचं कुठे त्याने? आमच्यात वाईट कॉलनंतर पोरं गाडीतच बसून राहतात, घरी जात नाहीत. कुणाशी बोलायचं म्हटलं तर साहेबांपर्यंत जाईल ही भीती. कंत्राटावरच्या माणसाची तर दुसऱ्या दिवशी गरज संपते.

एरंडोलचा डॉक्टर
१४४१६. टेलि-मानस, सरकारची हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलतात. कपड्यांबद्दलच बोललं पाहिजे असं नाही, झोप येत नाही इतकंही पुरे. आणि साहेबांचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर उपचार करणाऱ्याला रुग्णाची माहिती बाहेर देता येत नाही, खात्यालाही नाही.

तापीकाठ
नंबर गाडीत लिहून ठेवतो. पगाराचा प्रश्न तसाच आहे, तेवढं लक्षात असू द्या.

शहाद्याची सून
डॉक्टर, हा नंबर ड्युटीवाल्यांसाठीच आहे का? बायकोने केला तर?

एरंडोलचा डॉक्टर
कुणीही करू शकतं, वहिनी. तुम्हीही.

शहाद्याची सून
दुपारी करते, सासूबाई झोपल्यावर. त्याला नंतर सांगेन. मी लपवणार नाही.