अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांचे आक्रमण व्हिडिओ गेममध्ये कसे उभे करावे?

प्रश्न: 2008 ते 2018 या काळात जॉन्सन यांच्या हाताखाली जॉर्जिया टेक विद्यापीठाचा संघ खेळत असलेला फ्लेक्सबोन (धावण्यावर भर देणारी आक्रमणाची रचना) मला ‘कॉलेज फुटबॉल 25’मध्ये उतरवायचा आहे, परंतु ट्रिपल ऑप्शनमध्ये (चेंडू मागच्या धावपटूला म्हणजे फुलबॅकला द्यायचा, स्वतः घेऊन पळायचे की बाजूला फेकायचा, हे आयत्या वेळी ठरवण्याचा डाव) माझा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, सतत मागेच पाडला जातो. प्लेबुक (संघाच्या डावांचा संच) बदलावे का?

उत्तर: नेव्हीचे किंवा आर्मीचे घ्या. मात्र खरी मेख बचावपटूची हालचाल वाचण्यात आहे: ज्या डिफेन्सिव्ह एंडला (बचावफळीच्या टोकाच्या खेळाडूला) मुद्दाम मोकळे सोडलेले असते, तो फुलबॅकवर झेपावला तर क्वार्टरबॅकने चेंडू स्वतःकडे ठेवावा, अन्यथा फुलबॅकला द्यावा.

उत्तर: पिचचीही (बाजूच्या धावपटूकडे चेंडू फेकण्याची) घाई नको, बाहेरचा बचावपटू अंगावर येऊ द्यावा. शिवाय एक उंच, वेगवान रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) हवाच. जॉन्सन यांचा संघ पास क्वचितच टाकत असे, तरीही त्यांचा रिसीव्हर डेमेरियस थॉमस त्याच पद्धतीतून 2010च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) पहिल्या फेरीत निवडला गेला.