धडधाकट माणसाने क्षयाच्या गोळ्या का घ्याव्यात?

रानवारा (धागाकर्ते): सह्यकडा यांनी काल येथे लिहिले, की क्षय हा चाळी-झोपडपट्ट्यांचा रोग असून, खेड्यातल्या मोकळ्या हवेतील धडधाकट माणसाला ‘तुझ्यात जंतू झोपलेले आहेत’ असे सांगून सहा महिने गोळ्या चारणे म्हणजे औषध कंपन्यांची धन करणे होय. ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितो आहे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरील सुमारे 31 टक्के लोकांत संसर्ग, म्हणजे शरीरात झोपलेले जंतू, आढळला, आणि त्यांतील बहुतेकांना क्षय कधीच होत नाही. आयुष्यभरात शंभरातील 5 ते 10 जणांना होतो, हे मलाही मान्य आहे. परंतु गोळ्या गावजेवणासारख्या वाटत नाहीत. रुग्णाच्या घरच्यांना, तपासणीत क्षय नाही असे ठरल्यावर, देतात. मोकळी हवा शेतात असते. आमच्याकडे थंडीत बिनखिडकीच्या एका खोलीत सात माणसे आणि दोन शेळ्या झोपतात, आणि कोपऱ्यात चूल धुमसत असते.

सह्यकडा: म्हणजे तुमच्याच हिशेबाने शंभरातील नव्वद जणांच्या यकृतावर विनाकारण भार. माझ्या मेहुण्यांना आयसोनियाझिडने, म्हणजे याच प्रतिबंधक गोळीने, कावीळ झाली. भूक मेली, लघवी गडद झाली, तरी पंधरा दिवस ‘गोळ्या चालू ठेवा’ एवढेच उत्तर मिळत होते. शिवाय क्षयाची बीसीजी लस टोचलेल्याचाही हात मांटू या संसर्ग ओळखण्याच्या त्वचाचाचणीत सुजतो. कशाच्या भरवशावर गोळी गिळायची?

निवृत्त पर्यवेक्षक: तान्हेपणी टोचलेल्या बीसीजीचा चाचणीवरील परिणाम मोठेपणी बराच ओसरतो, आणि सायटीबी या नव्या त्वचाचाचणीत ती अडचण राहत नाही. रोजच्या गोळीला, तीच गोळी रिफापेंटीन या दुसऱ्या औषधासह आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रांचा पर्यायही आहे. खरी अडचण वेगळीच आहे. माझ्या हद्दीतील एका घरात गोळ्यांची पाकिटे देव्हाऱ्यामागे जशीच्या तशी सापडली, तेव्हा घरधनीण म्हणाली, “दादा, ही पाकिटं पाहुण्यांनी पाहिली तर पोरीचं जमलेलं लग्न मोडेल.”

कोरडवाहू: गोळीवर एवढा काथ्याकूट चालला आहे, पण ताटाकडे कोणी पाहणार आहे का? झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ आणि डाळ दिल्यावर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आपल्याकडे रुग्णाला पोषणासाठी 2018 पासून महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. माझ्या वडिलांचे पैसे उपचार संपल्यावर जमा झाले, कारण खात्यावरील नावात एक वेलांटी चुकली होती.

सह्यकडा: वेलांटीचा आणि संसर्गाचा काय संबंध?

कोरडवाहू: ज्या घरात सहा महिने डाळ पातळ होत गेली, त्या घरात येऊन विचारा. कुपोषित शरीरातच झोपलेला जंतू लवकर जागा होतो, आणि ते पैसे तर रुग्णापुरतेच असतात. घरातील बाकीच्या पाच जणांना तेवढेही नाहीत.

रानवारा: तुमचा राग रास्त आहे, तथापि गोळी आणि डाळ या सवती नाहीत.

कोरडवाहू: ज्याचे पोट भरलेले आहे, त्यालाच असे सुचते.

चाळकरीण: आमची खोली 180 चौरस फुटांची आहे. यजमानांचा उपचार खासगी दवाखान्यात झाला, आणि तेथे घरच्यांना तपासा असे कोणी चकार शब्दानेही सांगितले नाही. आठ महिन्यांनी चार वर्षांच्या मुलाच्या मानेत क्षयाची गाठ आली. त्या वेळी कोणी प्रतिबंधक गोळी पुढे केली असती, तर मी यकृताचा विचार करत बसले नसते.

सह्यकडा: लहान मुलांपुरते मान्य करतो. मोठ्यांना मात्र आधी दारू-काविळीची चौकशी करावी, गरज दिसल्यास रक्त तपासावे, आणि भूक मेली की गोळी थांबवण्याचा अधिकार आशाताईंना द्यावा; मग बोलू.

निवृत्त पर्यवेक्षक: तशी लक्षणे दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे, असेच आम्हाला शिकवले होते. तुमच्या मेहुण्यांच्या बाबतीत चूक आमच्या बाजूचीच झाली. ती मी पदरात घेतो.

सह्यकडा: चला, सरकारी माणसाच्या पदरात प्रथमच काहीतरी पडले.