पोचिंकीत उतरायचो आपण! पबजी गेमच्या दिवसांचे अनुभव सांगा

लालबागचा_मी
काल रात्री लोकलमध्ये समोरच्या बाकावर दोन पोरं फोन आडवे धरून बसली होती. एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे, झाडामागे आहे मी." म्हणजे गेममध्ये पडलोय, येऊन उठव. ते ऐकत राहिलो आणि शीवला उतरायचं ते कुर्ल्याला उतरलो.

मार्च २०१८ मध्ये पबजी फोनवर आला तेव्हा आमच्या चाळीत तो नीट चालेल असा एकच फोन होता. गॅलरीत एकजण खेळायचा आणि तिघं मागून ओरडायचे. मग चाळ पाडायला घेतली. मी प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पात आलो, बाकीचे विरार, बदलापूर आणि कळंबोलीला गेले. तोवर चौघांकडे फोन आले होते. रात्री अकराला चौघं गेममधल्या एकाच विमानात, उडी पोचिंकीत, म्हणजे गेमच्या नकाशातल्या एका गावात. कानात इअरफोन असायचे, त्यामुळे प्रत्येकाचं घर ऐकू यायचं. बदलापूरवाल्याची आई मागून विचारायची, "त्याच्या आजीचा गुडघा कसा आहे रे?" मी बंदुकीची मॅगझिन भरता भरता सांगायचो, "सूज उतरली काकी." एरवी त्या काकींशी माझं बोलणं झालं असतं का? तुमचेही अनुभव लिहा.

मुलुंडची_आई
माझा मुलगा दहावीत होता. माळ्यावर अभ्यासाला चढायचा आणि वरून "झोन येतोय, पळ" असं ऐकू यायचं. मी खूप ओरडायचे. लॉकडाऊनमध्ये एकदा शेजारी बसले तर म्हणाला, आई, शंभर माणसं उतरतात, निळं वर्तुळ आत सरकत येतं, शेवटी उरतो तो जिंकतो. त्या दिवशी कळलं की तो ज्याला हाका मारायचा तो त्याच्याच वर्गातला मुलगा, आणि त्याचे वडील तेव्हा कोविडमध्ये आयसीयूत होते. दोघं खेळता खेळता त्याबद्दलच बोलायचे. नंतर मी ओरडले नाही. कुकर लावलाय, येते.

एम४१६_वाला
टाल्कम पावडर!!! मे महिन्यात अंगठे घामाने सरकायचे. डबा कायम उशीशी असायचा.

डोंबिवली_फास्ट
पारसिकचा बोगदा. बास, एवढंच लिहितो.

एम४१६_वाला
@डोंबिवली_फास्ट लोकल बोगद्यात शिरली की नेटवर्क जायचं, बाहेर येईपर्यंत स्क्वॉडमधले (टीममधले) तिघं आउट 😭

जुना_सायबरवाला
आमची सुरुवात त्याआधीची. २००५ च्या सुमारास दादरला सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर स्ट्राइक हा बंदुकांचा गेम. दहा मशीन लॅनवर जोडलेली, मॅप ठरलेला, डस्ट टू. पैसे संपले की मागे उभं राहून बघायचं. म्हणून पबजी का पसरला ते मला पटतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि गेम फुकट. पैसे घेतात ते कपड्यांचे आणि बंदुकीच्या रंगाचे. हजारोंचा सूट घातलेल्यालाही तीच गोळी तेवढीच लागते. शिवाय सुरुवातीच्या लेव्हलला समोर बहुतेक बॉटच असतात, म्हणजे कॉम्प्युटरच खेळवतो ते, त्यामुळे नवा माणूसही पहिल्या आठवड्यात चिकन डिनर खातो, म्हणजे जिंकतो, आणि अडकतो. ज्याने ही मांडणी केली त्याला माणूस कळला होता. सायबरमध्ये ज्याच्या खिशात वीस रुपये नसायचे तो बाहेरच राहायचा.

घाटकोपर_ताई
मी दोन वर्षं माइक बंद ठेवून खेळले. मुलीचा आवाज आला की अनोळखी टीममेट काय काय बोलायचे ते इथे लिहिणार नाही. मग कॉलेजातल्या चौघींनी स्क्वॉड केला, माइक चालू करून, मराठीतून. कारनाइन्टीएट ही लांब पल्ल्याची बंदूक माझी. आठपट स्कोप लावून मिलिटरी बेसच्या टेकडीवरून पहिला हेडशॉट लागला तेव्हा घरातले सगळे जागे झाले होते.

मुलुंडची_आई
@घाटकोपर_ताई शाब्बास गं. चौघी अजून भेटता का?

घाटकोपर_ताई
दोघी भेटतो काकू. एक पुण्याला, एक कॅनडात. तिच्याशी वेळ जुळत नाही.

परळ_नाइटशिफ्ट
२ सप्टेंबर २०२०. सरकारने बंदी घातलेल्या ११८ अ‍ॅपची यादी आली, त्यात पबजीही, तेव्हा ड्यूटीवर होतो. ज्यांच्या फोनमध्ये आधीच होता त्यांचा ३० ऑक्टोबरपर्यंत चालला. शेवटच्या रात्री आम्ही कोणाला मारलंच नाही. गाडी घेऊन समुद्राकडेने एरांगेल (गेममधलं बेट) फिरलो, मग पुलावर थांबलो. पुढे जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, आला, तोही २०२२ मध्ये काढला, २०२३ च्या मे महिन्यात परत. जुना आयडी नव्यात आणता आला म्हणून माझ्या मित्रांच्या यादीत अजून एक नाव आहे. तो मित्र आता या जगात नाही. नावाखाली किती दिवसांपूर्वी ऑनलाइन होता ते दिसतं. मी त्याला यादीतून काढलेलं नाही.

लालबागचा_मी
@परळ_नाइटशिफ्ट दादा... काय लिहू. काढू नका.

डोंबिवली_फास्ट
🙏

जुना_सायबरवाला
नाइटशिफ्टवाले, परळला असाल तर कधीही चहाला या. मी नायगावला असतो.

पनवेलकर_२२
लालबागवाले, तुमचा कळंबोलीवाला कुठल्या सेक्टरला? आमच्या इथे एकजण रोज रात्री गच्चीवर "पोचिंकी, पोचिंकी" करत असतो, लालबागचाच आहे म्हणे.

लालबागचा_मी
दाढी आहे का? डाव्या हाताने खेळतो?

पनवेलकर_२२
दाढी आहे. हात रात्री बघून सांगतो.