मदत हवी आहे : आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत माळा आवरायचाय

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळ आमचं जुनं धाब्याचं घर आहे. आखाजीला नणंदा माहेरी येतील, त्याआधी पसारा आवरावा म्हणून रोज दुपारी भांडी झाली की १५ मिनिटं, एकच कप्पा, असं सुरू केलं. स्वयंपाकघर मार्गी लागलं (डब्यांची झाकणं मात्र अजून जुळत नाहीत!). घोडं अडलंय माळ्यावर. मांडे (मोठ्या पातळ पुरणपोळ्या) भाजायची तीन मातीची खापरं, त्यातलं एक तडकलेलं. बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालायच्या जुन्या साड्यांचं गाठोडं. कडीचे पितळी डबे. काही खाली काढलं की सासूबाई म्हणतात, "राहू दे, लागतं." संध्याकाळी तेच परत वर. त्यांचं मन न दुखवता काय ठेवायचं, काय काढायचं, कसं ठरवता? आणि खापरं न फुटता कशी रचायची?