२९ वा आठवडा, जांघेत गजकर्ण आणि आता रात्री तळपायांनाही खाज – मदत हवी आहे

ओली_छत्री

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय अवघड जागेचा आहे म्हणून आयडीही नवा घेतलाय.

पहिलंच बाळंतपण, २९ वा आठवडा चालू आहे. राहते डोंबिवलीत, ऑफिस ठाण्यात. जुलैपासून उजव्या जांघेत एक चट्टा आहे. आधी रुपयाएवढा होता, आता तळहाताएवढा झालाय. कड लाल आणि खडबडीत, मधली त्वचा जवळजवळ नेहमीसारखी. पोटाखालच्या घडीत, लेगिंगचं इलॅस्टिक बसतं तिथेही एक सुरू झालाय. पावसात कपडे वाळत नाहीत, पंख्याखाली टाकलेले अर्धवट दमट घालूनच निघावं लागतं, आणि पुढे गाडीतली गर्दी.

नवऱ्याला हे मार्चपासून आहे. त्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, तीच मी चार दिवस लावली. काय सांगू, पहिल्या रात्री शांत झोप लागली! बंद केल्यावर आठवड्यात दुप्पट लाल. मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली तर क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सॅसिन, टर्बिनाफिन, अजून काय काय. तेव्हापासून धास्ती घेतली आहे.

चार-पाच दिवसांपासून नवीनच प्रकार. रात्री अकरा-साडेअकरानंतर तळहात आणि तळपाय खाजतात. तिथे पुरळ नाही, काही नाही. काल रात्री दोन वाजता बाथरूमच्या ओल्या फरशीवर तळपाय घासत बसले होते, मग केसांचा ब्रश घेतला. सासूबाई उठल्या, म्हणाल्या बाळाला जावळ भरपूर असणार.

दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनवर सांगितलं, गरोदरपणात खाज सगळ्यांनाच येते, खोबरेल लावा. पुढची तारीख १२ दिवसांनी आहे.

त्या ट्यूबने बाळाला काही झालं असेल का? कोणती ट्यूब चालते? आणि गजकर्ण तळपायापर्यंत पसरलंय का?

आजीचा_बटवा

घाबरू नकोस गं. आमच्याकडे गजकर्णावर लसूण ठेचून बांधायचे. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ कर, आणि चार पानं चावून खा रोज.

कोरडा_टॉवेल

लसूण अजिबात नको! माझ्या मावसबहिणीने लावला होता, सकाळी जांघेत भाजल्यासारखे फोड आले होते. गजकर्ण राहिलं बाजूला, आधी त्या जखमेवर उपचार. कडुलिंबाच्या पाण्याची अंघोळ एक वेळ ठीक, पण पोटात घेऊ नका या दिवसांत. बोरिक पावडरही नको.

नाचणीसत्त्व

छत्रीताई, बाकीचं सगळं जरा बाजूला ठेवा. तुमचा तळपायांचा परिच्छेद वाचून माझ्या पोटात गोळा आला, म्हणून ऑफिसमधूनच लिहितेय.

मला ३३ व्या आठवड्यात हेच झालं होतं. रात्रीची खाज, तळहात-तळपाय, पुरळ शून्य. मी भिजवलेला नॅपकिन फ्रीजमध्ये ठेवून पायांना गुंडाळायचे. मलाही सगळे 'होतं असं' म्हणत होते. शेवटी सोनोग्राफीच्या दिवशी सहज बोलले तर डॉक्टरांनी लगेच रक्त घ्यायला लावलं. कोलेस्टेसिस निघालं. यकृतातून पित्त नीट वाहत नाही आणि पित्ताम्लं रक्तात साठतात, त्याची ती खाज. बुरशीशी काहीही संबंध नाही.

दोन तपासण्या लिहून घ्या : सीरम बाइल ॲसिड आणि लिव्हर फंक्शन. माझं बाइल ॲसिड ४४ आलं होतं. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या (खाज थोडीच कमी झाली, खरं सांगते), वरचेवर रक्त तपासलं आणि ३८ व्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी आता चार वर्षांची, मस्त आहे. बाळंत झाल्यावर आठवड्याभरात खाज गेली. पण आकडा १०० च्या वर गेला तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, असं मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून १२ दिवस थांबू नका. उद्या जा. रिसेप्शनशी बोलायचंच नाही, थेट जाऊन बसायचं.

लघवी गडद पिवळी होतेय का? शौचाचा रंग फिका?

ओली_छत्री

लघवी गडद आहे थोडी, पण मला वाटलं गाडीत लागू नये म्हणून मी पाणीच कमी पिते. आता हातपाय गार पडलेत. उद्या सुट्टी टाकते.

ओपीडी_नंतर

मी त्वचारोगाचीच डॉक्टर आहे. इथून निदान करणार नाही, पण दोन खाजा वेगळ्या आहेत एवढं नक्की. नाचणीसत्त्व यांनी लिहिलेल्या तपासण्या आधी. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी खाज चालू असेल तर पुन्हा करायची, कारण कधीकधी खाज आधी सुरू होते आणि आकडे नंतर चढतात. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र रात्री-बेरात्री कधीही थेट हॉस्पिटल गाठा.

आता चट्टा. वर्णन गजकर्णासारखंच आहे. ती मिक्स ट्यूब टाकून द्या. त्यातलं क्लोबेटासॉल हे सगळ्यात तीव्र स्टिरॉइडांपैकी एक. ते खाज दाबतं, आत बुरशी मोकाट वाढते, चट्ट्याचा चेहराच बदलतो आणि मग आम्हालाही ओळखायला त्रास होतो. ओपीडीत गजकर्णाचे दहा पेशंट आले तर त्यातल्या बहुतेकांनी आधी हेच लावलेलं असतं. जांघेतली त्वचा पातळ, तिथे औषध जास्त मुरतं. चार दिवसांच्या वापराने बाळाला काही होईल अशी भीती बाळगू नका. काळजी असते ती तीव्र स्टिरॉइड भरपूर प्रमाणात, दीर्घकाळ लावल्याची, त्यात बाळाचं वजन कमी भरू शकतं.

गरोदरपणात आम्ही साधं क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल देतो, फक्त तेवढंच औषध असलेली ट्यूब. दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जास्त लावायची, आणि दिसेनासं झाल्यावरही आणखी दोन आठवडे. इथेच सगळे हरतात. खाज थांबली की ट्यूब कपाटात जाते. पोटातून घ्यायच्या बुरशीच्या गोळ्या (फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, ग्रिसिओफुल्विन) कुणी कितीही सांगितलं तरी स्वतःहून घ्यायच्या नाहीत.

एक विचारते, अंगावरून पांढरं जातंय का, दह्यासारखं, खाजेसह? आणि शुगरची तपासणी झाली आहे ना?

ओली_छत्री

डॉक्टर, खूप आभार. हो, पांढरं जातंय दोन आठवडे, हे तर घरीही बोलले नव्हते. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात ती तपासणी २५ व्या आठवड्यात झाली, ११८ आली होती.

ओपीडी_नंतर

१४० च्या आत आहे, छान. पांढऱ्याचंही उद्या गायनॅकना नक्की सांगा. कँडिडाची बुरशी गरोदरपणात फार सहज होते, तुमच्या स्वच्छतेचा दोष नाही. त्यावर सहसा सात रात्री क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या देतात. एरवी जी फ्लुकोनॅझोल १५० ची एकच गोळी तोंडाने घ्यायला सांगतात, ती या काळात नको. आत साबणाने धुवायचं नाही, डेटॉलने तर नाहीच.

आणि नवरोबांना घेऊन या. ते बरे होईपर्यंत तुम्ही बऱ्या होणार नाही.

कोरडा_टॉवेल

+१. आमच्या घरी दीड वर्ष हा खेळ चालला होता, एकाचं गेलं की दुसऱ्याला. शेवटी टॉवेल वेगळे, चादरी वेगळ्या, आतले कपडे गरम पाण्यात आणि पावसाळ्यात वाळल्यावर उलटे करून इस्त्री, शिवणीवर जास्त. नवऱ्याच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या असतील तर त्याला सांगा आधी मोजे घालायचे, मग अंडरवेअर. उलट केलं की पायाची बुरशी जांघेत. ऐकताना हसला होता आमचा, पण फरक पडला. आणि त्याची ती जीन्स धुवायला टाका हो. महिनामहिना धुवत नाहीत हे लोक.

ओली_छत्री

अपडेट. परवा जाऊन बसले, दीड तासाने नंबर लागला. गायनॅक बाई स्वतः चिडल्या, फोनवर हे कुणी सांगितलं म्हणून. बाइल ॲसिड ७ आलं, एसजीपीटी (यकृताची तपासणी), दोन्ही नॉर्मल. पण खाज चालूच आहे म्हणून येत्या सोमवारी पुन्हा रक्त द्यायचंय. तोवर रात्री सेट्रिझिन, कॅलामाईन, आणि हालचाली मोजायच्या. पाणी पिते आहे भरपूर, लघवीचा रंग उतरला.

स्किनच्या डॉक्टरांनी चट्टा खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिला. बुरशीच. मला क्लोट्रिमॅझोल, नवऱ्याला गोळ्या आणि वेगळी ट्यूब. जीन्स धुतली. बादलीतलं पाणी बघून सासूबाई त्याला जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही.

आता एक शेवटचं. शनिवारी डोहाळजेवण आहे. आत्याने हौसेने हिरवी नऊवारी आणलीय, पण काष्टा बरोबर त्या चट्ट्यावरच बसणार. त्यांना कारण सांगायची लाज वाटते. काय करू?

आजीचा_बटवा

कारण कशाला सांगतेस? नऊवारीतून मधेच बाथरूमला कसं जायचं, एवढंच म्हण. तीच साडी सहावारीसारखी नेसव म्हणावं, जास्तीच्या निऱ्या घाल. आत सुती परकर, नाडी पोटाच्या वर सैल बांध. फुलांची वाडी भरली की खाली काय नेसलंय कुणी बघत नाही. आणि लसणाचं मी मागे घेतलं बरं का.

नाचणीसत्त्व

सोमवारचा आकडा आला की इथे लिहा. वाट बघतेय.