खेळण्यांचं दुकान बंद होतंय, काका व्ह्यू-मास्टर देतायत. घेऊ का?

ओवी_क
शाळेच्या वाटेवरचं खेळण्यांचं दुकान महिनाअखेर बंद होतंय. काकांचे गुडघे गेलेत, शिडी चढवत नाही आणि सगळा माल वरच्या फळ्यांवर. परवा गेले तर अर्धी कपाटं रिकामी. फळ्यांवर अंथरलेला कागद पिवळा पडलाय, खोकी होती तिथले चौकोन तेवढे पांढरे.

त्या दुकानात एक वस्तू कधीच विकायला नव्हती. काउंटरच्या पायाला सुतळीने बांधलेला व्ह्यू-मास्टर, म्हणजे डोळ्यांना लावून खटका ओढत चकतीवरची चित्रं बघायचं खेळणं. चकती एकच, धबधब्यांची. रांग लावायची, सात चित्रं बघायची, पुढच्याच्या हातात द्यायचा. चौथ्या चित्रात कठड्याला टेकलेला एक लाल टोपीवाला माणूस होता. तो इतका पुढे यायचा की एकदा मी त्याला धरायला हात पुढे केला होता. मागची सगळी रांग हसली. सातवं चित्र मात्र बिघडलेलं. डोळ्यांत खुपायचं, आणि धबधबा भिंतीवर रंगवल्यासारखा सपाट. तक्रार केली की काका म्हणायचे, "सातही धड आहेत. तुझीच नजर कच्ची." त्यापायी मी हट्ट करून डोळे तपासून आले होते. नंबर निघाला नाही!

आता काका म्हणतात, हा तू ने. पैसे घ्यायला तयार नाहीत. खटका अडकलाय, ओढला की परत वर येत नाही. तर, फुकट न्यावा का? आणि खटका घरच्या घरी सुटेल का?

जुना_पत्रा
न्या हो, विचारता काय!

आधी चकती बाहेर काढा आणि रिकामाच खटका ओढून बघा. चालला, तर दोष चकतीचा. ती पुठ्ठ्याची असते, दमटपणाने फुगते नि आत घासते. दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवा. खटक्यात तेल अजिबात नको, पसरून फिल्मवर जातं. आणि जोड उचकटू नका, जुनं प्लास्टिक तडकतं.

तुमच्या सातव्या चित्राचं कारण बहुतेक साधं असावं. चकतीवर चित्रं सात नसतात, चौदा असतात. प्रत्येक दृश्याची जोडी, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. जोडीतली दोन चित्रं चकतीवर बरोबर समोरासमोर येतात. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं दिसतं म्हणून माणूस पुढे आल्यासारखा वाटतो. १९३९ पासून हीच युक्ती. जोडीतलं एक फाटलं तर उरतो नुसता सपाट फोटो. चकती उजेडात धरून बघा. चित्रं लालसर पडली असतील तर मात्र इलाज नाही, काही फिल्मचे रंग वयोमानाने असेच उडतात.

रोखठोक
एक विचारू? त्या दुकानातून शेवटचं काही कधी घेतलंत? दुकान बंद होताना सगळ्यांना गहिवर येतो, त्याआधी खरेदी मोबाईलवर.

ओवी_क
सहा वर्षांपूर्वी, भाचीच्या वाढदिवसाला पत्त्यांचा एक खेळ. त्यानंतर सगळं मोबाईलवरच. खोटं कशाला बोलू. म्हणून तर फुकट न्यायला हात धजत नाही.

तीन_चाकी
मग दुसरं काहीतरी पैसे देऊन घ्या, त्यांनाही बरं वाटेल. उघडलेल्या खोक्यातल्या लेगोच्या विटा असतील तर डोळे झाकून उचला, १९५८ नंतरच्या विटा आजच्या विटांनाही बसतात. बॅटरीच्या सेलवर चालणारी खेळणी घेताना मात्र मागचं झाकण उघडून बघा. सेल वर्षानुवर्षं आत राहिले की पाझरतात आणि पट्ट्यांवर पांढरी भुकटी जमते. अल्कलाइन सेल असतील तर कापसाच्या बोळ्याला जरासं व्हिनेगर लावून पुसली की निघते. हातमोजे घाला. आणि पत्र्याची फार जुनी रंगीत खेळणी तोंडात घालणाऱ्या पोरांपासून लांबच ठेवा, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

आमच्याकडचा दुकानदार कशालाही हात लावू द्यायचा नाही. तुम्ही नशीबवान.

ओवी_क
आज जाऊन आले. लेगोचा अर्धा डबा आणि चावीचा बेडूक घेतला, पैसे देऊन. बेडकाची चावी हरवली आहे, पण ते नंतर बघू.

जुना_पत्रा, तुमचं दोन्ही खरं निघालं. चकती काढल्याबरोबर खटका खट् करून वर आला. चकतीची एक कड चक्क पापडासारखी वाकली होती. शटरपाशी जाऊन उजेडात धरली, तर सातव्या जोडीतल्या डाव्या चित्राची फिल्मच नाही. नुसती खिडकी, म्हणून ते खुपणं. उजवं चित्र अगदी शाबूत.

मी चकती काकांपुढे नाचवली. "बघा! आता सांगा कोणाची नजर कच्ची!" त्यांनी ती उजेडात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. मग म्हणाले, "अगं, माझा डावा डोळा जन्मापासून नावालाच आहे. मला कसं कळणार?"

इतकी वर्षं येऊन-जाऊन मला हे माहीत नव्हतं. चकती परत आत सरकवली, हलक्या हाताने चौथ्या चित्रापर्यंत आणली आणि त्यांच्या हातात दिली. म्हटलं, तो लाल टोपीवाला दिसतो? दिसतो म्हणाले. पुढे आलाय ना?

"कुठे पुढे? कठड्यापाशी तर उभा आहे."