थॅचरबाईंना आवडली म्हणून ‘येस मिनिस्टर’ बोथट?

सांजवारा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "‘येस मिनिस्टर’ म्हणजे सत्तेला गुदगुल्या. खरं विडंबन ‘द थिक ऑफ इट’मध्येच." दोन्ही ब्रिटिश राजकारणावरच्या विनोदी टीव्ही मालिका. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. ‘येस मिनिस्टर’च्या १९८१ सालच्या भागातलं ते इस्पितळ आठवा. पाचशेच्या आसपास कर्मचारी, पेशंट एकही नाही, आणि स्वच्छतेच्या पारितोषिकासाठी नाव पुढे! मंत्री हॅकरच्या खात्याचा सेक्रेटरी हम्फ्री त्याचं समर्थन करतो ते अगदी मनापासून. काटा येतो तो त्याने. ‘थिक ऑफ इट’मधला सरकारचा प्रसिद्धीप्रमुख माल्कम टकर आई-बहीण काढतो तेव्हा नाही येत.

कोपरखळी: लिहिणारा मीच. जानेवारी १९८४ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाई स्वतः हॅकर-हम्फ्रीबरोबर प्रहसनात उभ्या राहिल्या. जिच्यावर कोरडे ओढायचे तीच टाळ्या घेते? सरकारी नोकर म्हणजे खोडा, हे एकदा ठसलं की सरकारी कंपन्या विकायला मोकळे. त्याच वर्षी ब्रिटिश टेलिकॉम विकली. उलट २०१२ मध्ये विरोधी पक्षनेता मिलिबँडने भर संसदेत सरकारच्या अर्थसंकल्पाला ‘ऑम्निशॅम्बल्स’ (सगळ्या बाजूंनी गोंधळ) म्हटलं, तो शब्द टकरच्या मालिकेतला.

माजी कक्ष अधिकारी: ‘सरकारी नोकर म्हणजे खोडा’ हे मी ऐकून घेणार नाही. एकतीस वर्षं नोकरी केली. पाझर तलावाच्या दुरुस्तीची फाईल तीनदा वर पाठवली, तिन्ही वेळा हिरव्या शाईत ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा घेऊन खाली आली. चर्चेला वेळ कुणी दिला नाही. पावसात बांध फुटला आणि खुलासा मागितला माझ्याकडे.

रानजाई: वडील गेल्यावर आईचं पेन्शन अकरा महिने अडलं, नावात एक वेलांटी चुकली म्हणून. त्या टेबलामागे तुमच्यासारखेच बसले होते.

माजी कक्ष अधिकारी: मी नव्हतो. एकाच्या पापासाठी सगळ्यांना झोडपू नका. तोंड सांभाळा.

रानजाई: माझ्या आईने गुडघे धरून तीन मजले चढून खेटे घातलेत. नाही सांभाळणार.

सांजवारा: काका, तुम्ही हम्फ्री नाहीच, हॅकरचा खासगी सचिव बर्नार्ड आहात. इमान मंत्र्याशी राखायचं, आणि बढती सेक्रेटरीच्या हातात. लेखकांना हे कळलं होतं, म्हणून तर मालिका बोथट नाही. ‘थिक ऑफ इट’मध्ये असा माणूस दाखवा मला.

कोपरखळी: इस्पितळाचा भाग रात्री पुन्हा पाहिला. बरं, तो बोथट नाही. थॅचरबाईंबद्दलचं एक अक्षर मागे घेत नाही.

माजी कक्ष अधिकारी: बर्नार्ड तर बर्नार्ड. त्या बांधाची नोंद अजून माझ्या सेवापुस्तकात आहे.